अंबादासचा फराटा

(जालन्यात चळवळीतल्या मित्रांपुढं केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलंय.)



मला बोलावलं ते कविता वाचायला. मी कविता आणल्या नाहीत. आज एका चित्रकाराबद्दल बोलणार आहे. त्याच्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही, वळलेली मूठ नाही, निळा झेंडा नाही. अशा चित्राला अमूर्त म्हणतात. हा शब्द ऐकून मागं बसलेले दोघंतिघं हसले. हसा. मीपण हसलेलो आहे. त्या हसण्याचा हिशोब द्यायलाच आज इथं उभा आहे.

आधी माझं सांगतो. घनसावंगी तालुक्यातलं गाव. मॅट्रिक झालो, पुढं शिकायला पैसा नव्हता, मुंबई गाठली. गोदीत कंत्राटी कामगार. आता आपल्या जालन्यालाही गोदी आणतायत. ड्राय पोर्टची पायाभरणी २०१५ साली झाली. समुद्र नाही, लाट नाही, मासा नाही, पण बंदर! त्या बातमीला तुम्ही कुणी हसला नाहीत. उलट पोराला नोकरी लागेल का म्हणून चौकशी केली. म्हणजे बिनसमुद्राचं बंदर तुम्हाला कळतं आणि बिनमाणसाचं चित्र कळत नाही, असं कसं होईल?

रात्रपाळीला गोदीत क्रेनची वाट बघत बसावं लागतं. तास, दोन तास. समोर जहाजाचं अंग. वरचा काळा रंग उडालेला, त्याखालून शेंदरी निघालेला, त्याखाली आणखी कुठला तरी जुना हिरवा, आणि या सगळ्यावरून गंज खाली ओघळलेला. खाऱ्या पाण्यानं काढलेल्या लांबच लांब रेघा. मी कविता करणारा माणूस, त्यामुळं पहिलं वर्षभर मी तिथं उपमा शोधल्या. गंज म्हणजे रक्त. शेंदरी म्हणजे देवाचा दगड. काळा म्हणजे आपण. एके रात्री उपमा संपल्या. जहाजाचं अंग तेवढं उरलं. ते बघायला मला कुठल्याच उपमेची गरज लागली नाही. डोळ्यानं नुसतं बघणं काय असतं, ते मला त्या रात्री कळलं असं म्हणा.

मग एका रविवारी फोर्टात फिरताना एका चित्रदालनात शिरलो. दारावरच्या माणसानं आधी माझ्या चपला बघितल्या, मग मला बघितलं. आत एका भिंतीवर माझं जहाज टांगलेलं. म्हणजे जहाज नव्हतंच. रुंद ब्रशचे लांब लांब फराटे, वळत, तुटत, एकमेकांच्या अंगावरून जाणारे. राखाडी, तांबूस, मधेच हिरवट. खाली नाव लिहिलेलं : अंबादास.

नुसतं अंबादास. आडनाव नाही.

आपल्याकडं गल्लीगणिक एक अंबादास सापडतो. शेतात कामाला जाणारा अंबादास, बँड वाजवणारा अंबादास. पण फोर्टातल्या पांढऱ्या भिंतीवर अंबादास? मी ते नाव फोनवर शोधलं. अंबादास खोब्रागडे. जन्म १९२२, अकोला. आपल्या जाफ्राबादच्या पलीकडं बुलढाणा जिल्हा, त्याच्या पलीकडं अकोला. आणि आडनाव खोब्रागडे. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचं आडनाव. या हॉलात मला याहून जास्त सांगायची गरज नाही.

आता एक गंमत बघा. महाराष्ट्रात अमूर्त चित्राचं नाव काढलं की लोक एकच नाव घेतात : गायतोंडे. वासुदेव गायतोंडे. फार मोठा चित्रकार, त्याबद्दल माझं भांडण नाही. जन्म नागपूरचा, १९२४ चा. म्हणजे अंबादासहून दोन वर्षांनी लहान, आणि दोघंही विदर्भात जन्मलेले. दोघंही मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. गायतोंडेनं १९४८ ला पदविका घेतली, अंबादास १९५२ ला बाहेर पडला. पण एकाला दुनिया आडनावानं ओळखते आणि दुसऱ्याला नुसत्या नावानं. आपल्या देशात आडनाव म्हणजे काय भानगड आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. खोली भाड्यानं घ्यायला गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा. आडनाव सांगितलं की घरमालकाला एकदम आठवतं, खोली कालच गेली.

अंबादासनं आडनावाशिवाय चित्रं टांगली. कुणी म्हणेल लपवलं. मला चित्रापुढं उभं राहून वेगळंच वाटलं. ज्या माणसानं चित्रातून ओळखीची प्रत्येक खूण काढून टाकली, त्याच्या नावालाही ओळखीचं शेपूट नको असणार. हे माझं वाटणं आहे. तुमचं वेगळं असलं तर भाषण झाल्यावर भांडू.

आता हा माणूस तिथपर्यंत कसा गेला ते बघू. कारण असे फराटे काही पहिल्या दिवशी येत नाहीत. लोकांना वाटतं, काय, ब्रश घेतला आणि फासला. आमच्या गोदीत नवा पोरगा आला की त्यालाही वाटतं, काय, गोणी उचलली आणि टाकली. दुसऱ्या दिवशी पाठीला हात लावू देत नाही.

अंबादास आधी अहमदाबादला शिकला. रविशंकर रावळ म्हणून तिथले नामांकित चित्रकार होते, त्यांच्याकडं. मग जे. जे. ही दोन्ही हात घडवणारी ठिकाणं. माणूस काढायचा तर हाड कुठं, स्नायू कुठं, सावली कुठून पडते, हे तिथं घोटून घेतात. म्हणजे माणूस काढता येत नव्हता म्हणून अंबादासनं रेघा ओढल्या, असं नव्हे. ज्याच्याजवळ आहे तोच सोडू शकतो. नसलेल्यानं सोडलं म्हणायला काय जातं?

पुढं त्यानं विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. सरकारचं केंद्र, हातमागाच्या कापडाला नवी नक्षी मिळावी म्हणून काढलेलं. त्या काळात पुष्कळ चित्रकार तिथं पोटाला होते. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. बघा, कापडावर माणूस काढायचा नसतो. तिथं उभा धागा आणि आडवा धागा, रंगाशेजारी रंग, एक पट्टा किती रुंद आणि त्याच्या शेजारचा किती अरुंद, याचाच सगळा खेळ. पैठणीच्या काठाला कुणी विचारतं का, याचा अर्थ काय? तुमच्या आजीच्या इरकली लुगड्याला विचारलं का कधी? काठ चांगला आहे एवढं म्हणून आजी ते नेसायची. म्हणजे अमूर्त आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं. माझी आजी मातीची भिंत सारवायची तेव्हा तिच्या पंज्याचे अर्धगोल उठायचे. एकाला लागून एक, सगळी भिंतभर. तिला कुणी कलावंत म्हटलं नाही. तेच अर्धगोल कॅनव्हासवर असते तर लोक हात मागं बांधून उभे राहिले असते.

१९६२ साली भावनगरला बारा जण जमले. जगदीश स्वामीनाथन, जेराम पटेल, हिम्मत शाह, गुलाम मोहम्मद शेख, ज्योती भट्ट, आणखी काही, आणि त्यांत अंबादास. ज्या घरात जमले त्याचा नंबर १८९०, म्हणून गटाचं नाव ग्रुप १८९०. ऑक्टोबर १९६३ मध्ये दिल्लीला प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाला पंडित नेहरू. माहितीपुस्तिकेत प्रस्तावना ऑक्टाव्हियो पाझची. हा मेक्सिकोचा कवी तेव्हा दिल्लीत राजदूत होता. गटाचा जाहीरनामाही होता. त्याचा मतलब असा : आम्हाला रविवर्म्याचं गुळगुळीत हुबेहूबपण नको, बंगालचं गोडगोड खेडं नको, आणि युरोपातून उसनी आणलेली आधुनिकताही नको. तो गट एक प्रदर्शन करून संपला. बारा जण बारा वाटांनी गेले. आपल्या गटांचं काय होतं ते तुम्ही बघितलंय, त्यामुळं जास्त बोलत नाही.

पण अंबादासला त्याचा फराटा सापडला होता.

तो कसा आहे ते सांगायचा प्रयत्न करतो. रुंद ब्रश रंगात भिजवून कॅनव्हासवर टेकवला. सुरुवातीला जाड, भरलेला. मग हात चालायला लागतो. रंग संपत येतो, ब्रशचे केस वेगवेगळे होतात, एका फराट्याच्या दहा रेघा होतात. मधे कुठं वळण येतं, तिथं रंग गोळा होतो. पुढं तो तुटतो. त्या तुटलेल्या जागेतून खालचा फराटा दिसतो. चित्राला मधला बिंदू नाही. राजा कुठं बसलाय आणि प्रजा कुठं उभी आहे, असली मांडणी नाही. वरचं-खालचं नाही. जुन्या चित्रात मोठा माणूस मधे आणि हलका माणूस कोपऱ्यात, धूसर. इथं कोपराच नाही. मला तर वाटतं, जातीची उतरंड मोडलेलं चित्र म्हणतात ते असंच असणार. पण हीसुद्धा परत उपमाच झाली. तोंडाची सवय जात नाही.

गायतोंडे शेजारी ठेवला की फरक कळतो. गायतोंडेची सुरुवात माणसांच्या चित्रांची. मग पाउल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा अभ्यास केला, आणि हळूहळू आकार सुटत गेले. १९६४ च्या सुमारास रॉकफेलरची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला राहून आला. पुढं रोलर आणि पट्टी घेऊन थरावर थर चढवायचा, खरवडायचा, परत चढवायचा. वर्षाला मोजकीच चित्रं. ते चित्र म्हणजे तळ दिसणारं थांबलेलं पाणी. अंबादासचं पाणी थांबत नाही. १९७० गेलं, १९८० गेलं, शतक बदललं, त्याचा फराटा चालूच. पन्नास वर्षं माणूस एकाच गोष्टीच्या मागं. रंगाची जात बदलली, वेग बदलला, कधी दाट तर कधी विरळ, पण त्यानं ती वाट सोडली नाही. २०१२ साली ऑस्लोत मेला.

ऑस्लो. नॉर्वे देशाची राजधानी. तिथं तो १९७२ साली गेला आणि तिथलाच झाला.

१९७२. हा आकडा या हॉलात नुसता आकडा नाही. त्या साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच साली मराठवाड्यात दुष्काळ. माझा आजा खडी फोडायला होता. सुकडी खाऊन दिवस काढले, हे तो मरेपर्यंत सांगायचा. इकडं आजा दगड फोडतोय, तिकडं कामाठीपुऱ्यात, नायगावात पोरं पेटलीत, आणि अकोल्याचा अंबादास बर्फात जाऊन राहतोय. तीन वाटा. आपण पहिल्या दोघांची गाणी केली. तिसऱ्याचं नावही घेतलं नाही. आपले जे जुने अंक मला वाचायला मिळाले त्यांत मला अंबादास सापडला नाही.

का? तर त्याचं उत्तर मला आपल्यातल्याच एका ज्येष्ठ माणसानं दिलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. नामांतराच्या वेळी १९७८ साली वस्त्या जळाल्या त्या त्यांनी डोळ्यानं बघितल्या. ते म्हणाले, "बाळा, घर जळत असताना रेघा ओढत बसायचं असतं का?"

या प्रश्नाला मी दोन महिने उत्तर शोधत होतो. हा प्रश्न खोटा नाही. आजही खोटा नाही.

उत्तर मला लांबून मिळालं. आपण पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून घेतलं. त्यांच्याकडंही हेच भांडण झालं होतं. नॉर्मन लुईस नावाचा काळा चित्रकार, हार्लेममध्ये १९०९ ला जन्मलेला. तरुणपणी मालवाहू जहाजावर खलाशी होता, म्हणजे आमचा गोदीवाला भाऊच. १९३० नंतर त्यानं गरिबांची, घरातून हुसकावलेल्यांची चित्रं काढली. पुढच्या दहा वर्षांत त्याला वाटायला लागलं की नुसतं दुःख काढून दुःख हटत नाही. तो अमूर्ताकडं वळला. आपले म्हणाले, लढा सोडला. गोऱ्यांनी तर विचारलंच नाही, कारण काळ्यानं काळ्याचं दुःख दाखवावं, रंगाचा विचार गोऱ्यानं करावा, अशी वाटणी ठरलेली. पण हा माणूस लढा सोडून गेला नव्हता. १९६३ साली, म्हणजे दिल्लीत ग्रुप १८९० चं प्रदर्शन झालं त्याच साली, न्यूयॉर्कमध्ये काळ्या चित्रकारांचा स्पायरल नावाचा गट जमला, त्यात तो होता. काळ्यांना डावलणाऱ्या म्युझियमविरुद्ध तो रस्त्यावर उभा राहिला. संध्याकाळी घरी येऊन त्यानं कॅनव्हासवर रंग लावला. फलक वेगळा आणि कॅनव्हास वेगळा. दोन्ही त्याचेच. १९७९ साली तो गेला. त्याचं सगळं काम एकत्र मांडणारं मोठं प्रदर्शन फिलाडेल्फियात भरायला २०१५ उजाडलं.

ही वाटणी आपल्याकडंही आहे, मित्रांनो. नीट बघा. प्रस्थापितांच्या मासिकाला आपली कविता हवी असते, पण कुठली? भुकेची, शिवीची, जळालेल्या वस्तीची. आपण पावसावर लिहिलं की संपादक म्हणतो, यात तुमचं काय आहे? म्हणजे पाऊस त्यांचा आणि चिखल आपला. रंग त्यांचा आणि जखम आपली. आपण रोज उठून जखम दाखवायची, त्यांनी रोज हळहळायचं, आणि जेवायला जायचं.

आणि वाईट याचं की हीच वाटणी आपणही मान्य केली. माझी एक कविता होती, भरतीच्या पाण्यावरची. बाकी तिच्यात काही नव्हतं, पाणीच होतं. आपल्याच मित्रांनी परत केली. विचारलं, यात जात कुठंय? मी म्हटलं, पाण्यात नाही म्हणून तर लिहिली. चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले ते पाणी सगळ्यांचं आहे हे सांगायला ना? मग पाण्याकडं नुसतं बघायचा हक्क त्यात आला की नाही?

म्हणून त्या ज्येष्ठ माणसाला माझं उत्तर असं. घर जळत असेल तर ब्रश खाली ठेवून बादली उचलायची. यात वाद नाही. घर जळालं हे सांगायला कविता आहे, मोर्चा आहे, कोर्ट आहे. पण घर परत बांधल्यावर त्याच्या भिंतीवर काय काढायचं, हे कोण ठरवणार? जाळणाऱ्याच्या भीतीनं आपण ठरवणार, की हळहळणाऱ्याच्या सोयीनं? अंबादासनं ते स्वतःच्या हातानं ठरवलं. मी त्याला पुढारी करत नाही. त्याचा पुतळा नको, जयंती नको. तो मोर्च्यात आला असता तर बरं झालं असतं असंही मला वाटतं. पण आपल्या माणसाचा हात कुणाच्याही परवानगीशिवाय, कुणालाही काही सिद्ध न करता, पन्नास वर्षं कॅनव्हासवर मोकळा फिरला. ही छोटी गोष्ट आहे का?

पैशाचं विचाराल. तेही सांगतो. २०१३ साली मुंबईच्या लिलावात गायतोंडेचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं. २०२१ साली दुसरं एक ३९ कोटींच्या वर. चित्रकार २००१ सालीच वारलेला. हा पैसा रंगाचा नाही, हा दलालीचा बाजार आहे. तो आपल्या कामाचा नाही. जहाजातल्या मालाची किंमत आणि माझी हजेरी यांचा जेवढा संबंध, तेवढाच लिलावाचा आणि चित्राचा. त्यामुळं अमूर्त म्हणजे श्रीमंताचा चाळा, असं म्हणताना जरा थांबा. विकत घेणारा श्रीमंत आहे. काढणारा नव्हे.

आता हिशोब. माझा एक मावसभाऊ आहे. तुमच्यातलाच. इथंच बसलाय, नाव घेत नाही. जयंतीचे बोर्ड तो रंगवायचा. बाबासाहेबांचा चश्मा त्याच्याइतका कुणाला जमायचा नाही. मग फ्लेक्स आले आणि त्याचा ब्रश बंद पडला. तीनेक वर्षांपूर्वी मी गावाला आलो तेव्हा त्यानं मला एक मोठा कागद दाखवला. कागदभर आडवे पट्टे. काळा, मग पिवळसर, मग तांबूस, मग निळसर काळा. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "विहीर खांदताना दिसलं. वर काळी माती, मंग मुरूम, मंग मांजऱ्या, मंग पाषाण. खाली उतरून बघत ऱ्हायलो."

आणि मी हसलो. मी, कवी! म्हटलं, पट्टे काय ओढतोस लेका, बाबासाहेब काढ, शिवाय दोन पैसे मिळतील.

त्यानं कागद गुंडाळला. आता तो इथल्याच सळईच्या कारखान्यात भट्टीवर असतो. परदेशातलं भंगार गोदीत उतरतं आणि इथं जालन्यात वितळतं. म्हणजे एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला तो. मधे तो कागद. फोर्टात अंबादासच्या चित्रापुढं मला पहिल्यांदा आठवली ती त्याची विहीर. दारावरच्या माणसानं माझ्या चपला बघितल्या, त्याचा मला राग आला होता. पण मीही माझ्या भावाच्या कागदाकडं तसंच बघितलं होतं.

भाऊ, चार माणसांत सांगतो, माझं चुकलं.

बाकीच्यांना एकच मागणं. आपल्या वस्तीतल्या हॉलची मागची भिंत रिकामी आहे. पुढच्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, ते राहतील. मागची भिंत याला द्या. रंगाचे पैसे मी माझ्या पगारातून देतो, ब्रश मुंबईहून आणतो. तो काय काढेल ते विचारायचं नाही. काढून झाल्यावर याचा अर्थ काय, हेही लगेच विचारायचं नाही. आधी बसा तिथं. क्रेनची वाट बघत बसतात तसं बसा.

एवढंच. जयभीम.